समुद्री घोडा घरी आला, पुढे काय? पहिले सहा आठवडे त्याच्या जिवाचा फैसला करतात

इन्स्टाग्राम उघडलं की अधूनमधून एखादी रील समोर येतेच. निळसर उजेड, काचेची टाकी आणि एका हिरव्या पात्याला शेपटीची अढी घालून शांत बसलेला इवलासा समुद्री घोडा. तोंड घोड्याचं, शेपूट माकडाची, नराच्या पोटाला कांगारूसारखी पिशवी. खाली कमेंटमध्ये एक प्रश्न हमखास असतो, "हा घरी पाळता येतो का?"

उत्तर आहे, येतो. पण सगळ्या देशांत नाही आणि कुणालाही नाही. ज्या देशांत तो पाळायला परवानगी आहे तिथेही हौसेने घरी आणलेले कितीतरी समुद्री घोडे काही आठवड्यांत दगावतात. बहुतेक वेळा मालकाने काही क्रूरपणा केलेला नसतो. साध्या माशाला जे चालतं ते यालाही चालेल, असं गृहीत धरलेलं असतं. तेच नडतं.

म्हणूनच आज समजून घेऊया, नव्याने घरी आलेला समुद्री घोडा टाकीत रुळावा यासाठी काय करावं लागतं आणि त्यामागची कारणं काय आहेत.

आधी कायद्याचं बघू

भारतात राहत असाल तर ही हौस इथेच थांबवा. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा आहे १९७२ चा. २००१ साली समुद्री घोडे आणि त्यांच्या कुळातले इतर मासे या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. तेव्हापासून समुद्री घोडा पकडणं, विकणं, विकत घेणं किंवा बाळगणं हा भारतात गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. मासा जिवंत असो की वाळवलेला, नियम तोच. एखादा दुकानदार "साहेब, इम्पोर्टेड पीस आहे, काही होत नाही" म्हणाला तरी त्या भानगडीत पडू नका.

कायदा एवढा कडक का, तर जगभर समुद्री घोड्यांची प्रचंड पकड होते. चिनी पारंपरिक औषधांसाठी ते वाळवून विकले जातात, शोभेच्या वस्तू बनतात, शिवाय कोळंबीच्या जाळ्यांत आपोआप अडकतात ते वेगळेच. आपल्याकडे तमिळनाडूच्या पाल्कची सामुद्रधुनी आणि मन्नारच्या आखातातून वाळवलेल्या समुद्री घोड्यांचा व्यापार अनेक वर्षं चालत होता. कॅनडातल्या संशोधक अमांडा व्हिन्सेंट यांनी हा व्यापार जगासमोर आणला आणि १९९६ मध्ये 'प्रोजेक्ट सीहॉर्स' ही संस्था उभी केली. त्यानंतर २००२ मध्ये 'सायटीस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समुद्री घोड्यांचा समावेश झाला आणि मे २००४ पासून तो लागू झाला. आज समुद्री घोड्याची एका देशातून दुसऱ्या देशात निर्यात करायची तर परवाना लागतो.

अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि युरोपातल्या अनेक देशांत मात्र शेतीत जन्मलेले, म्हणजे टाकीतच वाढवलेले समुद्री घोडे कायदेशीर विकत मिळतात. तेव्हा न्यू जर्सीतला एखादा मराठी मुलगा हट्ट धरून बसला असेल किंवा मेलबर्नमधल्या भाचीने फोटो पाठवला असेल, तर पुढचं त्यांच्यासाठी आहे. जागेनुसार नियम वेगळे असतात, त्यामुळे आपल्या राज्याचा किंवा देशाचा नियम आधी तपासायचा. आणि भारतात राहणाऱ्यांनीही वाचा. तो रीलमधला शांत जीव आतून किती नाजूक आहे, हे कळल्यावर ती रील वेगळी दिसायला लागते.

हा मासा एवढा नाजूक का?

हो, मासाच आहे तो. कल्ले आहेत, पर आहेत, तरंगण्यासाठी हवेची पिशवी आहे. पण इतर माशांच्या तुलनेत त्याच्यात चार मोठ्या उणिवा आहेत. त्याची सगळी काळजी या चार गोष्टींभोवती फिरते.

पहिली उणीव, त्याला पोटच नसतं. म्हणजे अन्न साठवणारी जठराची पिशवी नसते आणि तोंडात दातही नसतात. नळीसारख्या तोंडाने तो भक्ष्य ओढून घेतो आणि ते आतड्यातून भरभर पुढे सरकतं. त्यामुळे निसर्गात तो दिवसभर थोडं थोडं खात असतो. एखादा गोल्डफिश दोन दिवस उपाशी राहिला तरी तगतो. समुद्री घोड्याला ते महागात पडतं.

दुसरी, तो पोहण्यात कच्चा असतो. पाठीवरचा छोटा पर सेकंदाला तीसेक वेळा फडफडवून तो कसाबसा पुढे सरकतो. त्याची खरी ताकद शेपटीत. तिची घडण गोल नसून चौकोनी असते, आणि ही चौकोनी घडण चिरडली जाण्याला जास्त दाद देत नाही, असं २०१५ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात दिसलं. या शेपटीने तो कशाला तरी धरून बसतो. धरायला काही नसेल तर प्रवाहात भेलकांडत राहतो आणि थकतो.

तिसरी, त्याचे कल्ले इतर माशांसारखे पात्यांचे नसून झुबक्यांसारखे असतात. त्यांची एकूण पृष्ठभागाची जागा कमी. पाण्यात प्राणवायू कमी झाला की त्याला लवकर धाप लागते.

चौथी, त्याच्या अंगावर खवले नसतात. हाडांच्या कड्यांवर ताणून बसवलेली कातडी, एवढंच. खरचटलं की जंतूंना दार उघडं. हे जंतू कोमट पाण्यात झपाट्याने वाढतात. विशेषतः व्हिब्रिओ नावाचे जीवाणू समुद्री घोड्यांचे हाडवैरी आहेत.

आता या चार गोष्टी लक्षात ठेवा. पुढचा प्रत्येक नियम यातल्याच कशातून तरी आलेला दिसेल.

घोडा यायच्या आधी टाकी तयार हवी

सगळ्यात मोठी चूक काय होते? टाकी आणि मासा एकाच दिवशी आणला जातो. खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत माशाच्या विष्ठेतून बाहेर पडणारा अमोनिया पचवणारे जीवाणू नसतात. ते वाढायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. टाकीत अमोनियाचा स्रोत घालून आणि रोज चाचणी घेऊन हे चक्र आधी पूर्ण करावं लागतं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट २० पीपीएमच्या खाली आलं की टाकी तयार झाली. त्याआधी मासा मागवायचाच नाही.

टाकी लांबीपेक्षा उंचीने मोठी हवी. समुद्री घोडे जोडी जमवताना पाण्यात एकमेकांसोबत वर वर तरंगत जातात, त्यासाठी उंची लागते. घोड्याची शेपटी सरळ केल्यावर जी लांबी होते तिच्या किमान तिप्पट उंची, असा अंदाज पाळणारे लोक धरतात. 'हिप्पोकॅम्पस इरेक्टस' ही अमेरिकेत सर्वात जास्त पाळली जाणारी जात. तिच्या एका जोडीसाठी निदान ५० सेंटीमीटर उंच आणि शंभर-सव्वाशे लिटरची टाकी लागते.

तापमान हा कळीचा मुद्दा. उष्ण प्रदेशातले इतर समुद्री मासे २६-२७ अंश सेल्सियसला ठेवतात. इरेक्टससारख्या समुद्री घोड्यांसाठी मात्र २२ ते २४ अंश ठेवायचं. कारण वर सांगितलंच, पाणी गार असेल तर व्हिब्रिओ मंदावतात. ऑस्ट्रेलियात मिळणारा मोठ्या पोटाचा समुद्री घोडा तर थंड पाण्यातला, त्याला यापेक्षाही गार पाणी लागतं. उन्हाळ्यात दिवे आणि पंप मिळून टाकी सहज तापते. तेव्हा पाण्यावर वारा मारणारा पंखा किंवा चिलर याची सोय आधीच बघून ठेवा.

पाण्याचा प्रवाह असावा, पण थेट झोत नको. पंपाचं तोंड काचेकडे वळवलं की झोत फुटतो आणि टाकीभर मंद हालचाल होते. पंपाच्या आणि फिल्टरच्या तोंडाला स्पंज किंवा जाळी लावा, नाहीतर शेपटी आत ओढली जाऊ शकते.

आणि धरायला जागा. कृत्रिम समुद्री वनस्पती, कॉलर्पासारखं शेवाळ, पंख्यासारखे मऊ प्रवाळ, काहीही चालेल, पण प्रत्येक घोड्याला दोन-तीन ठिकाणं तरी मिळायला हवीत. डंख मारणारे प्रवाळ आणि समुद्रफुलं मात्र अजिबात नकोत. घोड्याला वाटतं हा खांब आहे, तो शेपटी गुंडाळतो आणि भाजून निघतो.

कुठून आणता, यावर निम्मं अवलंबून

दुकानात दोन शब्द ऐकू येतात. एक, पूर्णपणे बंद टाकीत जन्मलेला आणि वाढलेला. दुसरा, समुद्राच्या पाण्यातल्या खुल्या पिंजऱ्यांत किंवा तलावांत वाढवलेला. ऐकायला दोन्ही सारखेच वाटतात, पण फरक जमीन-अस्मानाचा आहे. खुल्या पाण्यातल्या घोड्यांना समुद्रातले सगळे परजीवी आयते भेटतात. शिवाय त्यांना जिवंत भक्ष्याची सवय असते, गोठवलेलं अन्न ते बघतही नाहीत.

म्हणून विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. हा बंद टाकीत जन्मला का? सध्या काय खातो? आणि त्याची टाकी किती खाऱ्या पाण्याची आणि किती तापमानाची आहे? दुकानात असाल तर डोळ्यांसमोर खाऊ घालून दाखवायला सांगा. खात नसलेला समुद्री घोडा कितीही सुंदर दिसला तरी आणू नका. दोन घ्यायचे असतील तर दोन्ही एकाच ठिकाणाहून घ्या. वेगवेगळ्या शेतांतले घोडे एकत्र आले की एकाच्या अंगवळणी पडलेला जंतू दुसऱ्याच्या जिवावर उठतो.

क्वारंटाइन: कोविडने शिकवलेला शब्द

मुख्य टाकीत आधीपासून इतर जीव असतील तर नवीन घोडा थेट तिथे सोडायचा नाही. त्याच्यासाठी वेगळी, साधी टाकी लावा. तळाला वाळू नाही, स्पंजचा फिल्टर, धरायला दोन-तीन प्लास्टिकच्या वनस्पती, बस्स. तळ मोकळा असला की विष्ठा दिसते, उरलेलं अन्न दिसतं आणि काढता येतं. फिल्टरचा स्पंज काही आठवडे आधी मुख्य टाकीत ठेवून मग इकडे आणला, तर त्यात उपयुक्त जीवाणू वाढलेले असतात आणि ही छोटी टाकीही पहिल्या दिवसापासून सुरक्षित राहते.

पार्सल दारात आलं, आता घाई की सबुरी?

इथे एक गंमत आहे आणि ती नीट समजून घेतली तर जीव वाचतो.

नवीन मासा आणला की पिशवीत थेंब थेंब पाणी सोडत तासभर सवय लावायची, असा सल्ला सगळीकडे मिळतो. दुकान अर्ध्या तासावर असेल तर हे बरोबर आहे. पण मासा रात्रभर कुरिअरने प्रवास करून आला असेल तर हाच सल्ला घातक ठरू शकतो.

कारण काय? बंद पिशवीत मासा श्वास घेतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाण्याचा पीएच खाली येतो. त्याच वेळी त्याच्या अंगातून अमोनियाही बाहेर पडत असतो. पीएच कमी असल्यामुळे हा अमोनिया बहुतांशी अमोनियम या कमी विषारी रूपात राहतो. म्हणजे घाणीत असूनही मासा तगतो. आता तुम्ही पिशवी उघडलीत. कार्बन डायऑक्साइड उडून गेला, पीएच वर चढला आणि तेच अमोनियम पुन्हा विषारी अमोनियात बदलायला लागलं. आणि तुम्ही तासभर थेंब सोडत बसला आहात!

मग उपाय काय? सवय माशाला लावण्याऐवजी पाणीच माशासाठी तयार ठेवायचं. पार्सल निघण्याआधी विकणाऱ्याकडून त्याच्या पाण्याची क्षारता विचारून घ्या आणि क्वारंटाइनची टाकी तेवढ्याच क्षारतेवर आणून ठेवा. मग पुढच्या गोष्टी या क्रमाने करा.

१. खोलीतला आणि टाकीचा दिवा बंद करा. खोक्याच्या अंधारातून एकदम झगमगाट नको.

२. पिशवी न उघडता टाकीच्या पाण्यावर १५-२० मिनिटं तरंगत ठेवा. तापमान जुळेल. बंद पिशवीत पीएच वर चढत नाही, त्यामुळे ही वाट बघणं सुरक्षित आहे.

३. पिशवी उघडून लगेच क्षारता मोजा. टाकीशी जुळत असेल तर वेळ न दवडता मासा हलवा. थोडा फरक असेल तर दहा-पंधरा मिनिटांत टाकीतलं पाणी दोन-तीन वेळा वाटीवाटीने पिशवीत घाला आणि मग हलवा. मासा जास्त खाऱ्या पाण्यात एकदम गेला तर त्याला जास्त त्रास होतो, कमी खाऱ्यात गेला तर तुलनेने कमी.

४. जाळी वापरू नका. हात स्वच्छ धुवा, साबण पूर्ण निघून गेलाय ना ते बघा, मग ओल्या हाताची ओंजळ करून त्याला पाण्यातल्या पाण्यात अलगद उचला. बरेचदा तो आपणहून बोटाला शेपटी गुंडाळतो. जमेल तितकं त्याला हवेत काढू नका. तोंडातून किंवा नराच्या पिशवीत हवा गेली तर तो तरंगत राहतो.

५. टाकीत गेल्यावर बोटाची शेपटी ओढून सोडवू नका. बोट एखाद्या वनस्पतीजवळ न्या, त्याला दुसरा आधार मिळाला की तो आपसूक सोडतो.

६. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. ते मोरीत.

पहिला दिवस: बघा, पण छळू नका

नवीन सुनेला घरी आल्या आल्या दहा जणी गराडा घालतात, तसं इथे करू नका. घरातल्या लहान मुलांना आधीच समजावून सांगा, काचेवर टकटक करायची नाही, टॉर्च मारायचा नाही, आणि रील उद्या काढूया.

तो काळपट दिसत असेल तर लगेच घाबरू नका. समुद्री घोडे रंग बदलतात. भोवतालात लपण्यासाठी, ताण आला म्हणून किंवा जोडीदाराला भुलवण्यासाठीही. बरेच घोडे प्रवासानंतर गडद दिसतात आणि रुळले की उजळतात. त्यापेक्षा तीन गोष्टींकडे लक्ष द्या. तो सरळ उभा राहतोय का, कशाला तरी धरून बसलाय का आणि त्याचे डोळे फिरतायत का. त्याचे दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरतात. डोळे चौकस फिरत असतील तर घोडा भानावर आहे.

दोन-तीन तासांनी, उजेड मंद ठेवून थोडंसं खायला द्या.

खरी परीक्षा ताटाची

सुरुवातीला तेच द्यायचं जे तो आधीच्या घरी खात होता. बहुतेक ठिकाणी ते गोठवलेलं मायसिस असतं. मायसिस म्हणजे जवळ्यासारखा दिसणारा, जेमतेम सेंटीमीटर-दोन सेंटीमीटरचा जीव. थोड्या पाण्यात ते वितळवायचं, चाळणीत धुवायचं, म्हणजे टाकीचं पाणी गढूळ होत नाही. नेहमी मिळणारा गोठवलेला आर्टेमिया घोडे आवडीने खातात, पण नुसत्या आर्टेमियावर त्यांचं पोषण होत नाही. आपल्याकडे पोरांनी फक्त कुरकुरे खावेत, तसं ते.

समुद्री घोडा भक्ष्यामागे धावत नाही. तो दबा धरून बसतो, डोळ्यांनी नीट न्याहाळतो, मान झटक्यात वर करतो आणि सट्कन ओढून घेतो. हा झटका एवढा वेगवान असतो की डोळ्याला दिसत नाही. पण अन्न त्याच्या तोंडासमोर यावं लागतं आणि क्षणभर स्थिर राहावं लागतं. म्हणून खाऊ घालताना पंप दहा-पंधरा मिनिटं बंद ठेवा आणि लांब पिपेटने मायसिस हळूच त्याच्या समोर सोडा. पंप पुन्हा चालू करायला मात्र विसरू नका.

रोज एकाच जागी, एखाद्या शिंपल्यात किंवा काचेच्या वाटीत खाणं ठेवलं तर काही दिवसांत घोडे वेळेवर तिथे जमायला लागतात. मोठ्या घोड्यांना दिवसातून निदान दोनदा खायला द्यायचं, लहानग्यांना त्याहून जास्त वेळा. उरलेलं अर्ध्या तासात काढून टाकायचं. सडलेलं मायसिस म्हणजे व्हिब्रिओंना आमंत्रण.

पहिल्या दिवशी त्याने तोंड लावलं नाही, तर चालतं. दुसऱ्या दिवशीही नाही, तर जिवंत अन्न आणा. पौष्टिक खाद्य देऊन वाढवलेला जिवंत आर्टेमिया किंवा छोटी जिवंत कोळंबी. हलणारं भक्ष्य बघून भूक चाळवते. एकदा खायला लागला की त्यात थोडं थोडं गोठवलेलं मिसळत जायचं. तिसऱ्या दिवशीही उपास चालू असेल, तर विकणाऱ्याला आणि माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला फोन करायची वेळ झाली. या जिवाकडे साठा नसतो, हे विसरू नका.

पहिला आठवडा: कशावर नजर ठेवायची?

रोज सकाळी खायला देताना पाच मिनिटं शांतपणे बघायचं. ही लक्षणं दिसली तर ती धोक्याची घंटा:

- श्वास जोरात चालणं, किंवा एकाच बाजूचा कल्ला हलणं.
- वर तरंगत राहणं आणि खाली येता न येणं, किंवा तळाशी आडवं पडून राहणं.
- कातडीखाली, शेपटीवर किंवा डोळ्यांभोवती बुडबुडे दिसणं.
- तोंडाच्या टोकाला पांढरेपणा, सूज किंवा झीज.
- शेपटीचं टोक पांढरं पडणं, व्रण दिसणं.
- भक्ष्यावर झडप घालूनही ते आत न ओढलं जाणं.
- अंग कशालातरी घासत राहणं.

यातलं काही दिसलं तर आधी पाणी तपासा. अमोनिया, नायट्राइट, तापमान, क्षारता, पीएच. पीएच ८.० ते ८.४ च्या दरम्यान हवा. अमोनिया किंवा नायट्राइट शून्याच्या वर असेल तर त्याच तापमानाच्या आणि क्षारतेच्या नव्या पाण्याने थोडं पाणी बदला. इंटरनेटवर वाचून मनाने अँटिबायोटिक टाकू नका. तांब्याची काही औषधं इतर समुद्री माशांना चालतात, पण समुद्री घोड्यांवर ती जपून, जाणकाराच्या सल्ल्यानेच वापरायची.

सहा आठवड्यांनंतर मुख्य टाकीत

चार ते सहा आठवडे घोडा नियमित खातोय, अंगावर काही नाही, विष्ठा व्यवस्थित आहे, एवढं झालं की मुख्य टाकीत हलवा. इथेही दोन्ही टाक्यांची क्षारता आणि तापमान आधी जुळवा, दिवा बंद ठेवा आणि ओंजळीतून न्या.

शेजारी मात्र निवडून ठेवा. समुद्री घोड्याला चपळ शेजारी परवडत नाहीत. टँग, ट्रिगर, डॅमसेल असे मासे त्याच्या तोंडचा घास पळवतात किंवा त्याला टोचतात. खेकडे तर शेपटीच पकडतात. गोगलगाई, छोट्या सफाई करणाऱ्या कोळंब्या आणि काही संथ, गरीब स्वभावाचे मासे चालतात. पहिल्यांदाच पाळत असाल तर टाकीत फक्त समुद्री घोडेच ठेवणं सगळ्यात सोपं.

सगळं जमून आलं तर एखाद्या सकाळी नर आणि मादी उजळ रंगात, शेपट्या गुंफून एकमेकांभोवती फिरताना दिसतील. घोडे रुळल्याची याहून चांगली खूण नाही. मादी नराच्या पिशवीत अंडी घालते आणि इरेक्टस जातीचा नर साधारण तीन आठवड्यांत शेकडो पिल्लांना जन्म देतो. अर्थात ती पिल्लं वाढवणं हे वेगळंच शिवधनुष्य आहे.

आणणार असाल तर आधी या प्रश्नाचं उत्तर द्या

मोठ्या जातींचे समुद्री घोडे नीट सांभाळले तर चार-पाच वर्षं जगतात. म्हणजे चार-पाच वर्षं, दिवसातून दोन वेळा, कुणीतरी पिपेट घेऊन टाकीपुढे उभं राहायला हवं. परदेशातली मराठी माणसं दोन वर्षांतून एकदा तरी चार आठवडे भारतात येतात. त्या चार आठवड्यांत कोण खाऊ घालणार? सुट्टीत ठेवायचा कोरड्या अन्नाचा आपोआप चालणारा डबा इथे उपयोगाचा नाही, कारण हा मासा पाण्यावर पडलेल्या गोळ्या सहसा खात नाही. शेजाऱ्याकडे किल्ली देऊन "जमेल तेव्हा टाक थोडं" म्हणणंही चालणार नाही. मायसिस वितळवणारा, पंप बंद करून पुन्हा चालू करणारा आणि पाणी तपासणारा माणूस तुमच्याकडे असेल, तरच पुढचं पाऊल टाका. नसेल तर आणखी थांबा. एखाद्या मोठ्या मत्स्यालयात जाऊन तो बघणं हाही आनंदच आहे.

आणि आपण इकडचे लोक? समुद्री घोडे कोकणात आणि गोव्यातही आहेत. गोव्यातल्या दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी आपल्या किनाऱ्यावरच्या पिवळ्या समुद्री घोड्याची पिल्लं वाढवण्यावर अभ्यास केलाय. खाडीत, समुद्रगवतात, कांदळवनाच्या मुळांशी हे जीव शेपटी गुंडाळून बसलेले असतात आणि कधीतरी जाळ्यातून वर येतात. तुमच्यासमोर असं झालं, तर हातात धरून फोटो काढत बसू नका. जिवंत असेल तर ओल्या हाताने लगेच पाण्यात सोडा, शक्यतो जिथे गवत किंवा मुळं आहेत तिथे. कुणी विकताना दिसला तर महाराष्ट्र वनविभागाची १९२६ ही हेल्पलाईन आहे, तिथे कळवा.

त्याला धरायला एक पातं, समोर थोडं अन्न आणि गार, स्वच्छ पाणी लागतं. टाकीत हे तिन्ही आपल्याला रोज पुरवावं लागतं. खाडीत ते आधीपासून आहे, फक्त आपण ते राहू द्यायला हवं.